मे महिन्यात सोनेगावहून विमान उठत नाही: दोष कुठे शोधायचा?

एप्रिल लागला की माझा फोन वाजायला लागतो. घरी कॉम्प्युटरवर विमान उडवणारी आमच्या ओळखीत पाच-सात मंडळी आहेत. त्यांत कॉलेजची मुलं जास्त, एक जण बँकेतला, आणि वायुसेनेतून निवृत्त होऊन खामल्यात राहायला आलेले एक गृहस्थ. दिवाळी ते होळी कुणाची काही तक्रार नसते. ऊन तापलं की सुरू होतात. "काकू, विमान उठूनच नाही राहिलं. अर्धी धावपट्टी संपते तरी चाकं जमिनीवरच." दुसऱ्याच्या विमानाचं नाक डुगडुगतं. तिसऱ्याचं डावीकडे गवतात शिरतं. आणि सगळे शेवटी एकाच वाक्यावर येतात: याचं फिजिक्सच खोटं आहे, दुसरं सिम्युलेटर घ्यावं लागेल.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे वाक्य मला तसंच सोडून देता येत नाही. गेली काही वर्षं या तक्रारी मी वहीत लिहून ठेवते आहे. त्यातून एक गोष्ट पक्की दिसते. सिम्युलेटरमध्ये जे खोटं वाटतं ते पुष्कळदा अगदी खरं असतं, आणि खरा बिघाड दुसरीकडेच, टेबलावर किंवा टेबलाखाली बसलेला असतो. दोन्ही एकाच दुपारी, एकाच वेळी समोर येतात म्हणून गोंधळ होतो. त्यांना वेगळं कसं करायचं, ते इथे सविस्तर लिहिते. उदाहरण सगळीकडे सेस्ना १७२ एस या चार आसनी विमानाचं घेतलं आहे. ते जवळपास प्रत्येक सिम्युलेटरमध्ये असतं आणि त्याच्या पुस्तिकेतले आकडे ताडून बघता येतात.

पहिलं काम: तक्रारीचा आकडा करा

"विमान जड वाटतं" या तक्रारीवर उपाय सांगता येत नाही. "थांबलेल्या अवस्थेतून चाकं सुटेपर्यंत इतके मीटर लागले" यावर सांगता येतो. अर्धी धावपट्टी संपते म्हणणाऱ्या त्या मुलाला मी मोजायला लावलं. सोनेगावची, म्हणजे नागपूर विमानतळाची, धावपट्टी ३,२०० मीटरची आहे, म्हणजे अर्धी झाली १,६०० मीटर. मोजायची सोपी युक्ती अशी की धावपट्टीच्या कडेचे दिवे साधारण ६० मीटरवर असतात. रिप्ले लावायचा आणि दिवे मोजायचे. त्याचे सात दिवे भरले. सात साठे ४२०. म्हणजे अर्धी तर सोडाच, धावपट्टीचा सातवा हिस्सासुद्धा पुरता वापरला गेला नव्हता. रुंद, लांब धावपट्टीवर छोटं विमान धावताना डोळा फसतो. त्यात त्याला हिवाळ्यातल्या झटपट उड्डाणाची सवय झालेली होती.

तरीही त्याचं म्हणणं पूर्ण चुकीचं नव्हतं. सेस्नाच्या पुस्तिकेप्रमाणे समुद्रसपाटीला, प्रमाण हवेत (हिशेबासाठी ठरवून घेतलेल्या आदर्श हवेत), पूर्ण वजनाला जमिनीवरची धाव ९६० फूट, म्हणजे २९३ मीटर. त्याला सव्वाशे मीटर जास्त लागले. हे सव्वाशे मीटर कुठून आले, हा खरा प्रश्न.

आकड्याबाबत आणखी एक सांगते. २०२४ च्या मे अखेरीस, ऐन नवतप्यात, नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान दिसलं आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने तो सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. मापणारं यंत्र तपासल्याशिवाय मापावर विश्वास ठेवू नये, हे त्या वेळी सगळ्या शहराने पाहिलं. घरच्या सिम्युलेटरमध्ये मापणारं यंत्र म्हणजे तुमची जॉयस्टिक आणि तुमचा कॉम्प्युटर. त्यांच्याकडे येतेच.

हवा: हा दोष नाही, हेच खरं भौतिकशास्त्र

सोनेगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १,०३३ फुटांवर आहे. प्रमाण हवेत समुद्रसपाटीला १५ अंश धरतात आणि दर हजार फुटांना साधारण दोन अंश कमी होतात. म्हणजे पुस्तकी हिशेबाने सोनेगावला १३ अंश असायला हवेत. मेच्या दुपारी असतात ४५. फरक ३२ अंशांचा. वैमानिकांचा ठोकताळा असा की प्रमाणापेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक अंशामागे हवेची घनता १२० फूट वर चढल्याइतकी घटते. ३२ गुणिले १२० म्हणजे ३,८४०. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे हवेचा दाबही उतरलेला असतो. तो १,०१३ हेक्टोपास्कलऐवजी १,००३ असला तर आणखी तीनशे फूट धरा. सगळं मिळून ५,२०० फुटांच्या आसपास जातं.

याचा अर्थ नीट समजून घ्या. चिखलदरा साधारण ३,७०० फुटांवर आहे, कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांवर. मेच्या दुपारी सोनेगावची हवा विमानाच्या पंखांना प्रमाण दिवसाच्या कळसूबाईच्या माथ्यासारखी विरळ लागते. उंचीमापकाचा काटा हजारावरच असतो, खिडकीबाहेर वर्धा रोड नेहमीसारखा दिसतो, पण पंख कळसूबाईवर उडत असतात. जानेवारीतल्या १२ अंशांच्या पहाटे हीच घनता-उंची, म्हणजे हवेच्या घनतेवरून काढलेली उंची, हजार फुटांच्याही आत येते. म्हणजे एकाच धावपट्टीवर हिवाळा आणि उन्हाळा यांच्यात चार हजार फुटांचा फरक पडतो. दिवाळी ते होळी तक्रार का नसते, त्याचं उत्तर हेच.

विरळ हवेचा मार तीन ठिकाणी बसतो. पाच हजार फुटांच्या प्रमाण हवेची घनता समुद्रसपाटीच्या ८६ टक्के असते. इंजिन त्याच आकाराचा घोट घेतं पण त्यात हवा कमी, म्हणून १८० अश्वशक्तीचं इंजिन तेवढी ताकद देत नाही. नाकावरचा पंखा (प्रोपेलर) त्याच फेऱ्यांत कमी हवा मागे लोटतो. आणि पंखांना तोच उचल देण्यासाठी जास्त वेग लागतो. वेगमापकावर नाक उचलायचा वेग ५५ नॉटच (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) दिसतो, पण त्या वेळी जमिनीवरून विमान खरं ५९-६० नॉटने पळत असतं. कमी ताकदीने जास्त वेग गाठायचा, तर धाव लांबणारच. पुस्तिकेतला तक्ता पाहिला तर हजार फुटांच्या ओळीत ४० अंशांच्या रकान्यातली धाव प्रमाण दिवसाच्या सव्वापटीच्या पुढे गेलेली दिसते. तक्त्याचे रकाने ४० अंशांवरच संपतात. आपला मे त्याच्याही पलीकडचा, म्हणून पुढचा अंदाज आपणच लावावा लागतो. त्या मुलाचे सात दिवे या हिशेबात चपखल बसले. त्याचं सिम्युलेटर खरं बोलत होतं.

मग त्याला हे याच वर्षी का जाणवलं? आधी तो तयार हवामान निवडत असे, ज्यात तापमान आपोआप प्रमाण धरलं जातं. यंदा त्याने थेट हवामान चालू केलं, आणि सोनेगावचं खरं तापमान आणि दाब सिम्युलेटरमध्ये उतरू लागले. हा बदल केला असेल तर तक्रार करण्याआधी तो आठवा.

इथे एक खरी चूक सापडते, ती मिश्रणाची. इंजिनाला विरळ हवेत पेट्रोलही कमी द्यावं लागतं. पुस्तिकेत तीन हजार फुटांवरच्या धावपट्ट्यांसाठी पूर्ण थ्रॉटलला जास्तीत जास्त फेरे मिळेपर्यंत मिश्रण पातळ करायला सांगितलं आहे. सोनेगावची दाब-उंची (फक्त हवेच्या दाबावरून काढलेली उंची) तेवढी नाही, तरी मेच्या दुपारी हातानेच लीव्हर मागे घेऊन फेरे वाढतात का ते सिम्युलेटरमध्ये पाहा. वाढले तर तुमची ताकद तिथे अडकली होती. मदतीच्या पर्यायांत स्वयंचलित मिश्रण चालू असेल तर हा फरक दिसणारच नाही. ते बंद करूनच तपासा. वजनही पाहा. इंधन भरलेलं आणि चारही आसनं भरलेली असतील तर विमान २,५५० पौंडांच्या, म्हणजे १,१५७ किलोच्या मर्यादेपलीकडे सहज जातं, आणि सिम्युलेटर तुम्हाला अडवत नाही.

तीच दुपार, पण दुसरं कारण

आता बँकेतल्या गृहस्थांची तक्रार. त्यांचं विमान दुपारी धावपट्टीवर उभं असतानाही थरथरायचं, उतरताना चाकं टेकली की उड्या मारायचं, आणि रात्री तेच विमान गुणी बाळासारखं वागायचं. त्यांनी मला सांगितलं, "मॅडम, दुपारच्या गरम हवेचे झटके असतील." हे ऐकायला पटतं, कारण दुपारी उन्हाने तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे लोट खरोखर उठतात आणि चांगलं सिम्युलेटर ते दाखवतंही. पण उभ्या विमानाची चाकं अशा लोटांनी थरथरत नाहीत.

इथे मी जी चाचणी करायला लावली ती सगळ्यांनी करावी, कारण या लेखातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे. हवामान हाताने भरा: ४५ अंश, दाब १,००३, वारा शून्य. हे सेव्ह करा. आता हेच उड्डाण एकदा दुपारी तीनला करा आणि एकदा रात्री बाराला, खोली निवल्यावर. सिम्युलेटरच्या आतली हवा दोन्ही वेळा सारखी आहे. बदललं आहे ते फक्त तुमच्या खोलीचं तापमान. दोन्ही वेळा विमान जड वाटलं, तर ती हवा. फक्त दुपारीच थरथरलं, तर ती तुमची मशीन.

बँकेतल्या गृहस्थांची मशीनच निघाली. चाळीस अंशांच्या खोलीत, धुळीने बुजलेल्या पंख्यामागे प्रोसेसर इतका तापतो की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, म्हणजे फ्रेम, कमी पडतात. आणि फ्रेम पडल्या की फक्त चित्र अडखळतं असं नाही, काही सिम्युलेटरमध्ये गणितही भरड होतं.

ते कसं, तर सिम्युलेटर एका क्षणी विमानावरची सगळी बलं काढतं, पुढच्या छोट्या काळासाठी ती तशीच राहतील असं धरतं, आणि विमान तेवढं पुढे सरकवतं. सेकंदाला ५० पावलं असली तर प्रत्येक पाऊल २० मिलिसेकंदांचं. २० पावलं उरली तर ५० मिलिसेकंदांचं. हवेत याने फारसं बिघडत नाही, कारण पंखांवरची बलं सावकाश बदलतात. पण चाकांची स्प्रिंग फार कडक असते. ५० मिलिसेकंदांत चाक जमिनीत जास्त दबतं, गणित दचकून जास्त जोराने वर फेकतं, पुढच्या पावलात पुन्हा तेच. त्या उड्या या हिशेबातून जन्मतात. हवेचा त्यांच्याशी संबंध नसतो.

एक्स-प्लेन वापरत असाल तर सेटिंगमध्ये एका फ्रेममागे उड्डाणाचं गणित किती वेळा करायचं तो आकडा असतो. तो वाढवला की पाऊल बारीक होतं, मात्र प्रोसेसरवर ताण येतो. फ्रेम साधारण विसाच्या खाली गेल्या तर एक्स-प्लेन काळच सावकाश करतं, गणित तुटू नये म्हणून. तेव्हा घड्याळ लावून केलेलं कोणतंही मोजमाप चुकतं. चढाईचा वेग मोजताना फ्रेमचा आकडा पडद्यावर ठेवायची सवय लावा.

उपाय साधे आहेत. फ्रेम ३० ला बांधून टाका. कधी ६० कधी १८ यापेक्षा सलग ३० चांगल्या. इमारती आणि गर्दीचा तपशील एक पायरी उतरवा. कॅबिनेट उघडून धूळ काढा, शक्य असेल तर उन्हाळा लागायच्या आधीच. आणि एक आपल्याकडची खास चूक: कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ताटीतून येणारी दमट हवा आणि बारीक तुषार आत जातात, आपलं पाणी जड, त्याचा पांढरा थर सर्किटवर बसतो. कूलर खोली थंड करू दे. कॅबिनेट त्याच्या आडोशाला ठेवा.

नाक डुगडुगणं: हात, काठी आणि ट्रिम

ही तक्रार मला सगळ्यात जास्त येते आणि हिच्यावरच मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे सिम्युलेटर विनाकारण बदनाम होतं.

आधी घड्याळ काढा. विमान सरळ, समतल, १०० नॉटला ट्रिम करा, म्हणजे हात सोडला तरी त्याच वेगाने उडत राहील असं बसवा. काठी, म्हणजे जॉयस्टिक, किंचित ओढून वेग दहा नॉट उतरवा आणि हात सोडून द्या. पूर्ण सोडा. नाक खाली जाईल, वेग वाढेल, नाक वर येईल, वेग उतरेल, आणि असे लांब, आळसट हेलकावे हळूहळू विरत जातील. याला फुगॉइड म्हणतात. हे नाव ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी दिलं आणि १९०८ च्या आपल्या पुस्तकात या हालचालीचं गणित मांडलं. त्यांना ग्रीकमधला 'उडणं' या अर्थाचा शब्द हवा होता. हाती आला तो 'पळून जाणं' या अर्थाचा, आणि तोच रूढ झाला. या गणिताचं सौंदर्य असं की पहिल्या अंदाजाला हेलकाव्याचा काळ विमानाच्या आकारावर, वजनावर अवलंबून नसतो, फक्त वेगावर असतो. वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या आणि ०.४५ ने गुणा. १०० नॉट म्हणजे ५१ मीटर प्रतिसेकंद. गुणाकार येतो २३ सेकंद. प्रत्यक्षात थोडा जास्त निघतो. वर्गात हे गणित मी फळ्यावर अनेकदा केलं होतं. घरच्या पडद्यावर ते स्टॉपवॉचने पकडता आलं तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

तर आता तुमचं डुगडुगणं मोजा. एक हेलकावा पाव मिनिटापासून अर्ध्या मिनिटाचा असेल तर तो फुगॉइड आहे, निसर्गाचा आहे, त्याला हात लावू नका. एक-दोन सेकंदांचा असेल तर तो तुमच्या हाताचा किंवा काठीचा आहे. हात सोडल्यावर लगेच थांबत असेल तर हाताचा. हात सोडूनही चालू राहत असेल तर काठीचा.

काठीचा असेल तर विंडोजमधल्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत जा आणि काठीला न शिवता त्या फुलीकडे पाहा. ती स्वतःहून कापत असेल तर आतला पॉट मळला आहे. स्वस्त जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, त्याच्या पट्टीवर धूळ बसली की मधेच खोटे आकडे येतात. सीताबर्डीला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मिळतो. काठी उघडून दोन फवारे मारले, दहा-वीस वेळा पूर्ण फिरवली की पुष्कळदा काम होतं. झालं नाही तर डेड झोन, म्हणजे मध्याजवळची काठीची हालचाल न धरणारा पट्टा, तीन ते पाच टक्के द्या. चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरच्या काठीत हा त्रास नसतो. नवी घेणार असाल तर तशीच घ्या.

हाताचा असेल तर मूळ कारण प्रमाणाचं आहे. खऱ्या सेस्नात योक, म्हणजे हातातलं सुकाणू, छातीकडे चांगलं वीतभर ओढलं जातं, आणि वेग वाढला की हवेच्या दाबाने ते जड होत जातं. टेबलावरच्या काठीचं टोक चार-सहा सेंटिमीटर हलतं आणि ६० नॉट असो की १२०, स्प्रिंग तेवढीच हलकी. खऱ्या विमानातली दोन सेंटिमीटरची हालचाल इथे काही मिलिमीटरमध्ये करावी लागते. म्हणून संवेदनशीलतेची वक्ररेषा मधोमध सपाट करा. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये उणे २० ते उणे ३० पुरते. त्याहून जास्त करू नका. मध्य फार मऊ केला की कडेला रेषा खडी चढते आणि उतरताना शेवटच्या क्षणी काठी ओढली की नाक एकदम झेपावतं. एक्स-प्लेनमध्ये स्थैर्य वाढवणारी पट्टी असते. ती तुमच्या नकळत काठीच्या हालचाली दाबते. विमानाचं खरं वागणं पाहायचं असेल तर ती शून्यावर आणा.

आणि आता ट्रिम. इथे मला खामल्याच्या त्या निवृत्त गृहस्थांनी शिकवलं. माझ्या खुर्चीमागे उभे राहून पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही ट्रिमने विमान उडवून राहिल्या. ट्रिम हाताचा भार उतरवायला असते."

खऱ्या १७२ मध्ये ट्रिमचं चाक फिरवलं की उजव्या एलिव्हेटरच्या (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या फळीच्या) मागच्या कडेची छोटी पट्टी हलते. तिच्यावरची हवा एलिव्हेटरला नव्या जागी ढकलते, आणि योक त्याच्याबरोबर सरकून तिथे राहतं. वैमानिक योक हव्या जागी धरतो, चाक फिरवतो, हातातला भार शून्य झाला की सोडतो. योक जिथे होतं तिथेच राहतं. तुमच्या टेबलावरची काठी मात्र सोडली की मध्यावरच येते, तिला ट्रिम कळत नाही. काठी दोन सेंटिमीटर मागे धरून तुम्ही ट्रिम दिली तर सिम्युलेटर दोन्हींची बेरीज करतं. नाक जास्त उठतं. तुम्ही काठी सोडता, नाक पडतं. तुम्ही पुन्हा ट्रिम देता. या पाठलागातून डुगडुगणं तयार होतं, आणि त्यात सिम्युलेटरच्या भौतिकशास्त्राचा काडीचा दोष नाही.

रीत अशी ठेवा. काठीने नाक क्षितिजावर हवं तिथे धरा. ट्रिमचे एक-दोन टिचके द्या आणि त्याच वेळी काठी तेवढीच मध्याकडे येऊ द्या, नाक जागचं हलू न देता. थांबा. वेग स्थिर होऊ द्या. मग पुढचे टिचके. नजर नाकावर, वेगमापकाच्या काट्यावर नको. तो उशिरा सांगतो. बटण दाबून धरलं की ट्रिम भरभर पळत असेल तर तिची गती कमी करा, किंवा साध्या चाकावर लावा. मला हे अंगवळणी पडायला दोन आठवडे लागले. त्यानंतर डुगडुगण्याची तक्रार माझ्या वहीत माझ्या नावावर परत आली नाही.

डावीकडे पळणं

थ्रॉटल पुढे केला की सेस्ना डावीकडे जाणारच. चालकाच्या जागेवरून पंखा उजवीकडे फिरतो. त्याचा वळसेदार झोत मागच्या उभ्या पंखावर डाव्या बाजूने आदळतो आणि नाक डावीकडे वळतं. इंजिनाची प्रतिक्रिया डाव्या चाकावर वजन टाकते. नाक उचललं की पंख्याचं खाली येणारं, उजवीकडचं पातं जास्त ओढ देतं, पुन्हा डावीकडे. उपाय उजवा पाय, म्हणजे उजवं रडर पेडल. मुलं म्हणतात, "खऱ्या विमानात एवढं नसतं." असतं, वैमानिकाचा पाय नकळत ते सांभाळत असतो.

दोष आहे की भौतिकशास्त्र, हे एका चाचणीत कळतं. वारा शून्य करा. ४० नॉटपर्यंत जा आणि थ्रॉटल पूर्ण बंद करा. ओढ थांबली तर ती इंजिनाची होती, म्हणजे खरी. इंजिन बंद असूनही विमान डावीकडेच जात असेल तर तुमच्या रडरचा (शेपटीवरच्या, नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या फळीचा) मध्य सरकला आहे, किंवा पेडलवरचा डावा ब्रेक थोडा लागलेला आहे. पेडलची ब्रेकची अक्षरेषा उलटी बसली की ब्रेक सदाच लागलेला राहतो. असं मी दोन घरी पाहिलं, आणि दोन्हीकडे विमान उठत नाही हीच तक्रार होती. पेडल नसतील तर काठी पिळून रडर चालतं, तेही नसेल तर मदतीतलं स्वयंचलित रडर चालू ठेवा, त्यात काही कमीपणा नाही.

उतरताना विमान तरंगत राहणं

हे थोडक्यात. १७२ च्या पंखांचा पसारा ११ मीटर. जमिनीपासून तेवढ्या उंचीच्या आत आलं की पंखांच्या टोकांचे भोवरे जमीन अडवते, रोध कमी होतो आणि विमान तरंगतं. खरंही तरंगतं. लांबत जाण्याचं कारण जवळपास नेहमी जास्तीचा वेग असतो. ६५ नॉटऐवजी ७५ ने आलात तर वेग १५ टक्के जास्त, पण ऊर्जा ३३ टक्के जास्त, आणि ती सगळी धावपट्टीवर तरंगूनच खर्च करावी लागते.

एवढं करूनही शंका उरली तर मॉडेल तपासा

हवा, मशीन, काठी, पाय सगळं पाहून झालं असेल तरच इथे या. मुंबईला जा, तिथला विमानतळ समुद्रसपाटीपासून पन्नास फुटांच्याही आत आहे. तापमान १५ अंश, दाब १,०१३, वारा शून्य. वजन २,५५० पौंड. फ्रेम सलग. सगळ्या मदती बंद. आता पुस्तिकेशी ताडून बघा: जमिनीवरची धाव ९६० फूट. ७४ नॉटला चढाई मिनिटाला ७३० फूट. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली येणाऱ्या पट्ट्या) न लावता स्टॉल (वेग कमी पडून पंखांची उचल सुटणं) ४८ नॉटला, पूर्ण फ्लॅपला ४० ला. इंजिन बंद करून ६८ नॉटला घसरत आलात तर दर हजार फुटांना साधारण दीड सागरी मैल. प्रत्येक चाचणी तीनदा करा, सरासरी घ्या. पाच-सात टक्क्यांचा फरक तुमच्या हाताचा धरा. चढाई ७३० ऐवजी १,००० येत असेल तर ते विमान खोटं बनवलेलं आहे, आणि मग तक्रार योग्य आहे.

लक्षात घ्या, मी "विमान" म्हटलं, "सिम्युलेटर" नाही. मायक्रोसॉफ्टचं पहिलं फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्ये आलं, त्याआधी ब्रूस आर्टविक यांचं ॲपल टू वरचं १९७९ मध्ये. तेव्हापासून दोन वाटा चालत आल्या. एका वाटेने विमानाचे गुणांक आधीच तक्त्यात लिहून ठेवतात आणि उड्डाणात वाचून वापरतात. फ्लाइटगिअरमध्ये चालणारं जेएसबीसिम या वाटेचं. दुसरी वाट ऑस्टिन मेयर यांच्या एक्स-प्लेनची: पंखाचे लहान लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यावरची हवा वेगळी मोजून बलांची बेरीज करायची. २०२० चं मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरही पृष्ठभागाचे पुष्कळ तुकडे धरून हिशेब करतं. कोणती वाट खरी, यावर मुलं तासन्‌तास भांडतात. माझं मत सांगते: चांगल्या मोजमापांचा तक्ता ढिसाळ तुकड्यांपेक्षा खरा, आणि काळजीपूर्वक मांडलेले तुकडे ढिसाळ तक्त्यापेक्षा खरे. ज्याने ते एक विमान बनवलं त्याने किती कष्ट घेतले, यावर सगळं ठरतं. म्हणून एकाच सिम्युलेटरमध्ये एक विमान पुस्तिकेला धरून चालतं आणि दुसरं पतंगासारखं उडतं.

घरच्या सिम्युलेटरचा जो भाग खरोखर कच्चा आहे तो स्टॉलच्या पलीकडचा. हवा पंखावरून सुटली की तक्ते विरळ होतात आणि तुकड्यांचं गणितही डळमळतं. हे फक्त घरच्याच सिम्युलेटरचं नाही. २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं ३४०७ क्रमांकाचं विमान स्टॉल होऊन पडलं, ५० माणसं गेली. त्यानंतर वैमानिकांना पूर्ण स्टॉलचा सराव देण्याचं ठरलं, तेव्हा विमान कंपन्यांच्या महागड्या सिम्युलेटरांनाही त्या भागासाठी नवे निकष आणि नवी माहिती लागली. म्हणून घरी बसून स्पिनमधून (स्टॉल झालेल्या विमानाच्या गिरक्यांतून) बाहेर पडायचा सराव केला तर त्याला खेळ म्हणा, प्रशिक्षण समजू नका. शिकायला खऱ्या सेस्नात खरा शिक्षक शेजारी हवा.

त्या पहिल्या मुलाने मुंबईची चाचणी केली. त्याची धाव आली ९९० फूट, चढाई ७१०. विमान प्रामाणिक निघालं. आता तो सोनेगावहून सकाळी साडेपाचच्या हवामानात, मागची आसनं रिकामी ठेवून निघतो आणि कोराडीची धुरांडी दिसेपर्यंत आरामात अडीच हजार फूट गाठतो.

पुढच्या वेळी मला फोन करण्याआधी हे एवढं कागदावर लिहून ठेवा: सिम्युलेटरमधलं तापमान आणि दाब, विमानाचं वजन, फ्रेमचा आकडा, चालू असलेल्या मदती, आणि दुपार-रात्रीच्या चाचणीत काय फरक दिसला. फोन रात्री नऊनंतर केलेला बरा. तोवर खोली थोडी निवलेली असते, आणि तीच चाचणी मी इकडे लावून तुमच्याबरोबर पाहू शकते.